झाकणाखालचा आवाज

तीर्थरूप आत्यास,


हे पत्र तुला घरातलं कुणीतरी वाचून दाखवेल. वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवते, की घाई करायची नाही आणि मधलं काही गाळायचं नाही. निघताना तू मला बजावलं होतंस, "थंय काय खाल्लंस तां नीट लिव. बरां होतां, झकास होतां, असां मोघम नको." म्हणून फोनवर मी काहीच बोलले नाही. फोनवर दोन मिनिटं झाली की तू "ठेव आता" म्हणतेस, आणि ही गोष्ट दोन मिनिटांत सांगण्यासारखी नाही.

मी होते व्हिएतनामच्या अगदी दक्षिणेला, मेकाँग नदी जिथे फाटे फोडत समुद्राकडे जाते त्या सखल मुलखात. चाउ दोक हे तिथलं नदीकाठचं शहर. हो ची मिन्ह शहरातून बसनं सहा तास लागतात, आणि पलीकडे लगेच कंबोडियाची हद्द लागते. कामावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं घर त्या भागातलं, तिनं शनिवार-रविवारी मला आपल्याकडे नेलं. घर चाउ दोकच्या दक्षिणेला, जिथे सपाट भातखाचरांतून एकाएकी डोंगर वर आले आहेत तिथे. लोक त्यांना 'बाय नुई' म्हणतात, म्हणजे सात डोंगर. पायथ्याला ताडाची झाडं, ताडगोळे विकणाऱ्या बायका, ताडाच्या रसाच्या गुळाच्या वड्या. आणि त्याच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर नुसतं पाणी. ऑक्टोबर चालू होता, खाचरं बुडालेली होती आणि त्याचं कुणाला भय नव्हतं. ते का, ते पुढे लिहिते.

गावचा बाजार पहाटेच भरतो. आम्ही पाचला पोचलो तेव्हा अंधार होता. तुला आवडेल असा तो बाजार आहे, कारण तिथे निम्मं काम नाकानं आणि कानानं चालतं. आधी खारवलेल्या मासळीचा वास आला, आपल्याकडे आगोटीच्या आधी सुक्या मासळीच्या बाजारात येतो तसा, पण जास्त ओला आणि गोडसर. मग पुदिन्याचा. मग कच्च्या हळदीचा आणि तापलेल्या नारळाचा. त्या वासामागे गेलो तर आवाज ऐकू आला. तापल्या लोखंडावर पातळ पीठ पडल्याचा. तो आवाज कुठल्याही देशात मी झोपेतून ओळखीन, कारण लहानपणी तुझ्याकडे सुट्टीत मी त्याच आवाजानं जागी व्हायचे.

आपण त्याला 'चर्र' म्हणतो. त्यांच्या कानाला तो 'सेओ' असा ऐकू येतो, आणि त्यावरूनच पदार्थाचं नाव पडलं आहे: बान्ह सेओ. 'बान्ह' हा मोठा ऐसपैस शब्द आहे. पीठ भिजवून, वाफवून, भाजून, तळून जे काही होईल ते बहुतेक सगळं बान्ह. पाव बान्ह, मोदकासारखं पानात गुंडाळलेलं तेही बान्ह. त्यातलं हे सेओ करणारं. आपल्याकडे इतकी घावनं होतात, पण घावनाला त्याच्या आवाजाचं नाव द्यावं हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचं मला त्या पहाटे खरंच नवल वाटून गेलं.

करणाऱ्या बाईंना सगळे 'को बा' म्हणत होते. माझ्या मैत्रिणीनं हे समजावलं तेव्हा मला तुझीच आठवण झाली. 'को' म्हणजे आत्या, आणि 'बा' म्हणजे तीन. पण त्या आईवडिलांचं दुसरं अपत्य. दक्षिण व्हिएतनाममध्ये थोरल्याला 'दोन' म्हणतात, 'एक' कुणालाच म्हणत नाहीत, म्हणून दुसरी ती तीन. खरं नावच कुणी घेत नाही, अख्खा गाव त्यांना तीन नंबरची आत्या म्हणूनच ओळखतो. तू आमच्या आजीची दुसरी. तिथे असतीस तर तूही को बाच.

आता करण्याविषयी. पीठ तांदळाचं. तांदूळ रात्री भिजवून दळायचे. को बांच्या आईकडे दगडी जातं होतं, त्या आता गिरणीतून ओलं पीठ दळून आणतात. बाजारात तयार पुडेही मिळतात आणि शहरात बहुतेक घरांत तेच वापरतात. तांदूळ जुना हवा. नव्या तांदळाचं घावन चिकट होतं, हे तू मला शिकवलंस तेच त्यांनी सांगितलं, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. त्या पिठात नारळाचं दूध, हळद, मीठ आणि पातीच्या कांद्याची हिरवी पात बारीक चिरून. फुगवणं, आंबवणं काही नाही. म्हणजे बघ, तांदूळ, नारळ, हळद. तुझ्या फडताळातल्याच तीन वस्तू. पण आपण नारळाचा रस गूळ घालून घावनाबरोबर वाटीत देतो, आणि त्या तो पिठातच ओततात. त्यामुळे त्यांचं घावन आतून किंचित गोड, आणि कडेला कुरकुरीत होतं. आपलं मऊ, जाळीदार, घडी घातली तरी न मोडणारं. त्यांचं मोडलं पाहिजे. मोडताना आवाज आला नाही तर गिऱ्हाईक नाराज होतं.

भांडं कढई आणि तवा यांच्या मधलं, बिडाचं, पसरट आणि बुडाला खोलगट. चूल मातीची, लाकडांची, आणि अशा तीन चुली एका ओळीत. को बा मध्ये बसतात, बुटक्या स्टुलावर, आणि तिन्हींवर एकाच वेळी काम चालतं. पहिल्या भांड्यात चरबीचा हात फिरवून कोळंबी आणि डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या परततात. माझ्यासाठी नुसती कोळंबी घातली, अंगठ्याएवढी, सालासकट. मग पळीभर पीठ कडेनं ओतून भांडं दोन्ही हातांनी उचलून गोल फिरवायचं, की पीठ कडांवर चढतं आणि तिथे पापुद्र्याएवढं पातळ बसतं. तू पीठ बाहेरून आत ओततेस, पळी फिरते आणि तवा जागच्या जागी राहतो. इथे पळी थांबते आणि भांडं फिरतं. मी चारदा बघितलं तरी मनगट नेमकं कधी वळतं ते कळलं नाही.

त्यावर वाफवलेली मुगाची डाळ, मुगाचे लांब पांढरे मोड, आणि मूठभर पिवळी फुलं. मग झाकण.

फुलांपाशी जरा थांबते. त्यांचं नाव दियेन दियेन. ती शेवरीची फुलं आहेत गं. पानमळ्यात वेलींना आधार म्हणून लावतात ती शेवरी, हादग्याची सख्खी भावंडं. हादग्याची फुलं आपण हस्ताच्या पावसात वेचतो आणि मधला कडू दांडा काढून भाजी करतो. तिथे शेवरीची फुलं नेमकी त्याच दिवसांत येतात, पाणी चढलं की. झाडं पाण्यात उभी असतात, लोक होडी फांदीखाली नेतात आणि फांदी वाकवून फुलं होडीत झाडून घेतात. चव किंचित कडवट, मागाहून गोड, आणि वाफेनं मऊ झाली तरी दाताखाली थोडी करकर राहते. को बांनी मला कच्ची चार फुलं हातावर दिली. मी डोळे मिटून खाल्ली आणि तुझ्या मागच्या अंगणात विहिरीपाशी उभी राहिले. त्या मुलखात हादग्याची पांढरी फुलंही खातात, माशाच्या आंबट कालवणात घालून. म्हणजे इतके मैल दूर, भाषा वेगळी, देव वेगळे, आणि कुठलं फूल कधी पातेल्यात घालायचं याचं पंचांग एकच.

एक बान्ह सेओ २०,००० डोंगला, म्हणजे साधारण ७० रुपयांना मिळालं. दुमडून अर्धचंद्रासारखं केळीच्या पानावर देतात. सोबत पाल्याचा ढीग. मला वाटलं हा पाला शोभेचा. मैत्रिणीनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. पाला हाच निम्मा पदार्थ आहे. तळहाताएवढं मोहरीचं पान घ्यायचं, त्यावर इतर पानं ठेवायची, घावनाचा तुकडा मोडून ठेवायचा, गुंडाळी करायची आणि खारवलेल्या मासळीच्या पाण्यात बुडवून खायची. चमचा नाही, काटा नाही, दोन्ही हात. मासळीचं पाणी म्हणजे नुओक माम, छोटी मासळी मिठात महिनोन्‌महिने मुरवून गाळलेलं. त्यात साखर, लिंबू, लसूण, लाल मिरची आणि साधं पाणी. नुसतं हुंगलं तर नको वाटेल, पण तळलेल्या गोडसर पिठाला तीच खारट-आंबट धार हवी असते. आपल्याकडे सोलकढी जे काम करते ते इथे हे पाणी करतं.

त्या दिवशी पानं मी मोजली, ११ प्रकारची होती. पुदिना, तुळशीच्या जातीतलं एक, खालून जांभळं असलेलं एक सुवासिक पान. एका पानाला चक्क ताज्या मासळीचा वास, ते मला पहिल्यांदा नकोसं झालं आणि तिसऱ्या गुंडाळीला मी तेच शोधू लागले. आणि सात डोंगरांवरून आणलेला रानपाला. त्यात पेवाचा कोंब होता, पावसात आपल्या व्हाळाकाठी उगवतो तो. आणि आंब्याची कोवळी पालवी! लालसर, लुसलुशीत, नुकती फुटलेली. आम्ही लहानपणी चावून थुंकायचो आणि तू ओरडायचीस. तिची चव तुरट, आंबट, कैरीच्या देठाशी चीक असतो त्या वासाची. तळणीचं तेल ती एका घासात धुऊन टाकते. आपल्या दारात इतके आंबे, आणि पालवी आपण फक्त तोरणात बांधली.

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, मध्य व्हिएतनाममध्ये, हेच बान्ह सेओ तळव्याएवढं लहान करतात, काही ठिकाणी हळदसुद्धा घालत नाहीत. ते मी खाल्लेलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

आता पाण्याचं. आपण पूर म्हटलं की छातीत धस्स होतं. तिथे या दिवसांना म्हणतात 'मुआ नुओक नोई', पाणी वर येण्याचा मोसम. कंबोडियाकडून मेकाँग भरून येते आणि सावकाश, दिवसाला बोट-दोन बोटं, खाचरांत पसरते. येताना गाळ आणते. बोटाएवढे रुपेरी लिन्ह मासे आणते, मोसमाच्या सुरुवातीला त्यांचे काटे इतके मऊ असतात की अख्खा मासा चावून खातात. शेवरीला फुलं आणते. आणि खाचरातले उंदीर, कीड, जुनी खतं धुऊन नेते. चांगलं पाणी आलं तर लोक त्याला 'लू देप' म्हणतात, सुंदर पूर. हा शब्द ऐकून मी दोनदा विचारलं, की नीट ऐकलं ना. नीटच ऐकलं होतं.

पण पाणी नेहमीच सुंदर नसतं. २००० साली मोठा पूर आला, त्या सखल मुलखात शेकडो माणसं गेली आणि त्यांत लहान मुलं फार होती. माझ्या मैत्रिणीच्या आजीच्या शेजारघरातलं एक मूल गेलं. आजी हे सांगताना हातातली पानं निवडायची थांबली आणि मग पुन्हा निवडू लागली. त्या पुरानंतर तिथल्या आन जियांग प्रांतात उंच मातीचे बांध झपाट्यानं वाढले. बांधाच्या आत पाणी शिरत नाही, त्यामुळे माणसं सुरक्षित, आणि वर्षाला भाताची दोनऐवजी तीन पिकं. आजी म्हणाली, बांधावर माती टाकायला आम्हीच गेलो होतो, आनंदानं.

पुढे काय झालं तेही तिनंच सांगितलं. पाणी आत येत नाही म्हणून गाळ येत नाही. गाळ नाही म्हणून खत विकत. मासे बांधाबाहेर. शेवरीची आपोआप उगवणारी झाडं कमी झाली, आता लोक तिची लागवड करतात, मोसम नसतानाही फुलं मिळतात आणि त्यांना पूर्वीचा कडवटपणा नाही असं तिचं म्हणणं. वर, नदी जिथून येते त्या देशांत, मोठाली धरणं झाली. २०१५ साली पाणी इतकं कमी आलं की आजीनं त्या वर्षी लिन्ह माशांचं कालवण एकदाही केलं नाही. मी पोचले त्या भागातली खाचरं अजून उघडी आहेत, म्हणून मला ते पाणी दिसलं. तीन कोसांवर बांधाआड हिरवंगार तिसरं पीक उभं होतं. ज्या तांदळाचं घावन, त्याच तांदळासाठी घावनातली फुलं आणि कोळंबी अडवलेली. कोण चूक हे मला सांगता येणार नाही. ज्यांनी मूल गमावलं त्यांना बांध नको असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

जाताना वाटेत विन्ह ते नावाचा कालवा लागला. १८१९ ते १८२४ या पाच वर्षांत तो हातांनी खणला, चाउ दोकपासून पश्चिमेच्या समुद्राकडे, ८०-९० किलोमीटर. खणताना हजारो माणसं राबली आणि पुष्कळ मेली. काम पाहणारा अधिकारी थोआय न्गोक हाउ, आणि कालव्याला नाव दिलं ते त्याच्या बायकोचं. दोनशे वर्षं झाली, पाणी वाहतं आहे आणि तिचं नाव लोकांच्या तोंडी आहे. तुला हे ऐकून बरं वाटेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

को बांच्या तिन्ही चुलींवर झाकणं होती. त्या पाठ करून बसल्या होत्या, एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देत होत्या आणि दुसरीशी मोठमोठ्यानं बोलत होत्या. बोलता बोलता मध्येच गप्प झाल्या, वळल्या आणि मधलं झाकण उचललं. घावन नेमकं झालेलं. कडा सुटलेल्या, बूड तपकिरी सोनेरी. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मी विचारलं, कसं कळतं? मैत्रिणीनं विचारून सांगितलं, की त्या म्हणतात, बघून कळत नाही. झाकण उघडून बघितलं की वाफ जाते आणि घावन बिघडतं. आत मोडांचं पाणी असतं तोवर 'सेओ' जाड असतो, पाणी संपत आलं की तो बारीक होतो, आणि अगदी बारीक होऊन थांबायच्या आत उचलायचं. थांबला म्हणजे करपलं. त्यांनी मला स्टूल जवळ ओढायला लावलं आणि झाकणाकडे बोट केलं. मी कान लावून ऐकलं. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. त्यांनी बोट वर केलं, आणि तेव्हा कुठे मला लक्षात आलं की आवाज बदलला होता.

आत्या, तू हेच म्हणायचीस. "घावन बोलता, तां आयकूक होया." आम्हाला ते तुझं एक बोलणं वाटायचं.

काचबिंदूनं तुझी नजर गेली त्याला चार वर्षं झाली. त्यानंतरही वर्षभर तू चुलीपाशी बसत होतीस आणि घावनात कणभर फरक नव्हता. मग त्या सकाळी पदराचं टोक होरपळलं. तुला काही झालं नाही, पण आम्ही घाबरलो आणि तुला चुलीपासून उठवलं. उठवणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तू काही बोलली नाहीस. तेव्हापासून तू पडवीत आरामखुर्चीत असतेस, वहिनी आत घावन घालते, आणि तू तिथून म्हणतेस, "काढ आता." एकदाही चुकली नाहीस. आम्ही त्याचं कौतुक करायचो, पाहुण्यांना सांगायचो, पण त्याचा अर्थ काय होतो तो कुणी घेतला नाही. बांधावर माती टाकणाऱ्या आजीचं बोलणं ऐकताना मला तू दिसत होतीस. आम्हीही आनंदानंच टाकली होती गं, तुझ्या काळजीपोटी. मला माफ कर.

पदर होरपळला तो चूल उघडी होती आणि तू उकिडवी बसत होतीस म्हणून. को बा स्टुलावर बसतात, चुलीला पुढून मातीचा कठडा आहे, आणि कमरेला आवळून बांधलेलं जाड कापड. यातलं काहीही आपल्याकडे न होण्यासारखं नाही. कठड्याचं माप मी सुतळीनं घेऊन ठेवलं आहे. वहिनीशी आणि दादाशी मी बोलले आहे. दादा आधी नाही म्हणाला, मग गप्प बसला, मग म्हणाला की कठडा तो स्वतः बांधून देईल.

मी पुढचं हस्त नक्षत्र लागायच्या आधी येते आहे. विहिरीपाशी हादगा अजून असेल तर त्याला हात लावू देऊ नकोस. जुने तांदूळ तू म्हणशील ते. नारळाचं दूध पिठात घालायचं की नाही यावर तू वाद घालशील हे मला माहीत आहे, पण एकदा घालून बघू. फुलं मी निवडीन, दांडे काढीन. कोळंबी दादा आणील. आंब्याची पालवी तेव्हा नसेल, ती चैत्रात. पीठ तू ओत, भांडं मी फिरवीन. आणि झाकण ठेवल्यावर कुणी बोलायचं नाही, तू सांगेपर्यंत.

तुझी,
धाकटी भाची